साडेतीन मिनिटांची वाट

रविवारी सकाळी सव्वासातला शेखरने हर्षालीला सहाव्यांदा फोन लावला. रिंग पूर्ण वाजून थांबली.

हॉलमध्ये ऊन आलं होतं. खिडकीबाहेर नाशिकच्या इंदिरानगरची सकाळ सुरू झाली होती. कोणीतरी गाडी धूत होतं, समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. टीव्हीवर मात्र रात्र होती. काळोखातून दिव्यांच्या जोड्या येत होत्या, पडद्याच्या एका कडेने शिरून दुसऱ्या कडेला नाहीशा होत होत्या. फ्रान्समध्ये पावणेचार वाजले होते. ल माँची चोवीस तासांची शर्यत आपल्या घड्याळाने काल संध्याकाळी साडेसातला सुटली होती आणि आता कुठे निम्मी होत आली होती. त्या काळोखात, लाखो माणसांत, कुठेतरी हर्षाली होती. इथल्या रात्री दोनला तिचा मेसेज आला होता: 'तंबूतून निघाले. झाडीच्या बाजूच्या वळणावर जातेय, तिथे गर्दी कमी असते.' त्यानंतर काही नाही.

"लय मोठं जंगल हाय का तिथं?" विमलाबाईंनी विचारलं. त्या दिवाणावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. रात्रभर त्यांनी पाठ टेकली नव्हती.

शेखरने सांगितलं की तसं काही नाही, पावलापावलावर माणसं असतात, दिवे असतात, खाण्याचे स्टॉल असतात. हे सगळं त्याने वाचलेलं होतं. पाहिलेलं नव्हतं.

सविता स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली आणि टीव्हीकडे पाठ करून कप ठेवायला लागली. घर तिचं होतं, मुलगी तिची होती, पण कालपासून तिने पडद्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. महापालिकेच्या शाळेत पंचवीस वर्षं शिकवून तिला एक सवय झाली होती. जे बघायचं नाही त्याच्या अंगावरून नजर सरळ पुढे न्यायची. थोरला दीर शेखर आणि त्याची बायको संजना शनिवारी दुपारीच पाथर्डी फाट्यावरून येऊन बसले होते. सासूबाई, विमलाबाई, गावाहून, सायखेड्याहून पिशवी घेऊन आल्या होत्या. सविताने कोणालाही बोलावलं नव्हतं. ते का आले ते तिला माहीत होतं, आणि तिला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

तेरा वर्षांपूर्वी श्रावणात सविताचा नवरा रविराज गेला होता. डेंग्यूचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत सगळं संपलं. अडतीस वर्षांचा होता. दहाव्याला सायखेड्याच्या घाटावर पिंड मांडले, आणि कावळा शिवेना. झाडावर दहा-बारा बसले होते, खाली एक उतरत नव्हता. विमलाबाई म्हणाल्या, पोरीला शिकवू. रविराजचे वडील, नाना, म्हणाले, सविताला अंतर देणार नाही. तास गेला, दीड तास गेला. शेवटी शेखर पुढे झाला आणि वाकून हळूच काहीतरी बोलला, आणि तो उभा राहायच्या आत कावळा खाली आला.

काय बोलला ते सविताला वर्षाने संजनाकडून कळलं. 'तुझी पोरगी तिथं जाईल. तुझ्या जागेवर उभी राहील,' असं तो बोलला होता.

सविता त्यानंतर चार महिने थोरल्या दिराशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली की दादा, शब्द देताना तुम्ही माझी मुलगी दिलीत आणि मला विचारलंही नाहीत. हर्षालीला यातलं काही कळता कामा नये, असं तिने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. सगळ्यांनी ते पाळलं. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी मोठी झाली, इंजिनिअर झाली, पुढचं शिकायला जर्मनीला गेली, आणि फेब्रुवारीत एका सकाळी तिचा फोन आला: मम्मी, मला ल माँचं तिकीट मिळालं. कशाला जातेस, असं सविताने विचारलं. हर्षाली म्हणाली की माहीत नाही, पण बरेच दिवस वाटत होतं, कोणीतरी तिथे जागा धरून ठेवली आहे.

आठ वाजता, सातव्यांदा लावल्यावर फोन लागला.

"मोठे पप्पा, सॉरी. फोन खिशात होता, इथे काही ऐकूच येत नाही." तिच्या आवाजाच्या मागून काहीतरी फाटत गेल्यासारखा आवाज आला, खोलीभर पसरला आणि लांब गेला. शेखरने स्पीकर चालू केला. चार्जिंग कमी आहे, व्हिडिओ करत नाही, असं ती म्हणाली. पाऊस पडून गेलाय, पिवळा रेनकोट घातलाय, खूप मजा येतेय. संजनाने मोठ्याने सुस्कारा सोडला. सविता कप हातात घेऊन दारात उभी राहिली.

"एकटी हाय का गं?" विमलाबाईंनी विचारलं.

"नाही आज्जी. इथे एक काका भेटलेत. सायखेड्याचे."

शेखरला हसू आलं. जगात कुठेही जा, नाशिकचं कोणी ना कोणी भेटतंच, असं तो संजनाला म्हणाला. हर्षाली उत्साहाने सांगत होती. तिथल्या मध्यरात्रीच्या सुमाराला ती कुंपणाशी जागा धरून उभी होती. आजूबाजूला सगळे फ्रेंच, इंग्लिश बोलणारे. एक गाडी गेली आणि शेजारी कोणीतरी स्वतःशीच म्हणालं, 'ही गेली. आता साडेतीन मिनिटं.' तिला आधी कळलंच नाही की हे मराठी आहे. मग तिने विचारलं, तुम्ही कुठले, आणि ते म्हणाले, सायखेडा, नदीच्या अंगाला. तेव्हापासून दोघं बरोबर होते. त्यांनी तिला डोळे मिटून गाड्या ओळखायला शिकवलं. चाळीसएक गाड्या सोडल्या तर सगळ्या तिला आता ओळखू येत होत्या, असं ती म्हणाली आणि हसली. म्हणजे सहा-सातच. काकांना मात्र सगळ्या येतात. एका गाडीचं इंजिन धड नाही हे त्यांनी सांगितलं, आणि वीस मिनिटांनी ती गाडी खरंच दुरुस्तीला आत घेतली.

"टीव्हीवर हे कळत नाही, मोठे पप्पा. टीव्ही सारखा पहिल्या नंबरच्या मागे असतो. इथे आपण एकाच जागी उभे. गाडी येते, छातीत धडधडतं, पायाखालची जमीन हलते, आणि गेली की काहीच नाही. नुसता अंधार, ओल्या गवताचा वास. मग आपण मोजत बसतो. साडेतीन मिनिटांनी तीच परत येते. दर वेळी बरं वाटतं. काका म्हणतात, इतकी माणसं रात्रभर जागतात ती गेलेली गाडी परत आली का बघायला. कोण जिंकलं ते काय, पेपरातही वाचता येतं."

शेखरचं हसू कधी थांबलं ते त्याला कळलं नाही. सातपूरच्या कारखान्यात रविराज इंजिनं तपासायचा. तपासणीचं यंत्र लावायच्या आधी तो डोळे मिटून ऐकायचा आणि कागदावर काहीतरी लिहून ठेवायचा; यंत्र नंतर तेच सांगायचं. लोक मुद्दाम बघायला यायचे.

"दिसतात कसे गं ते काका?" त्याने विचारलं.

अंधारात नीट दिसत नाही, असं हर्षाली म्हणाली. उंच आहेत. टोपी आहे. एवढ्या गारठ्यात नुसत्या शर्टावर उभे आहेत. मी माझी शाल देत होते, तर नको म्हणाले. मग ती फोनपासून दूर होऊन कोणाला तरी "काय?" असं म्हणाली. इंजिनाचा एक लोट आला आणि गेला. त्या माणसाचा आवाज फोनवर आला नाही. फक्त तो बोलत असेल एवढा वेळ गेला.

"मोठे पप्पा, ते विचारतायत, नानांची तब्येत आता कशी आहे?"

शेखरने फोन टीपॉयवर ठेवला.

त्याच्या आणि रविराजच्या वेडाची सुरुवात एकाच दिवशी झाली होती. सायखेड्याच्या स्टँडजवळ रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी मोटारींचं मासिक मिळालं होतं, निम्मी पानं फाटलेली. दोघं भाऊ ते नाव 'ले मान्स' असं वाचायचे. बरोबर उच्चार त्यांना फार पुढे कळला आणि कळल्यावरही आपसात ते 'ले मान्स'च म्हणत राहिले. आपण दोघं जायचं, हे ठरलेलं होतं. नाशिकच्या आसपास रॅली असली की दोघं पहाटे उठून डोंगरात जायचे, धुळीत उभे राहायचे आणि एकमेकांना म्हणायचे, हे काहीच नाही, तिथं चोवीस तास असतं. मग शेखर नाशिकच्या द्वारका चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात अडकला आणि रविराजने एकट्याचं तिकीट काढलं. त्याने शेखरला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा शेखरनेच दुकानाचं कारण सांगितलं होतं. तरीही रविराज बॅग घेऊन मुंबईला निघाला तेव्हा शेखरच्या पोटात जे पेटलं ते विझेना. नानांना त्या सकाळी रक्तदाब वाढला म्हणून दवाखान्यात नेलं होतं. दुपारी ते उठून बसले होते. संध्याकाळी शेखरने विमानतळावर फोन केला आणि सांगितलं, नाना जातायत, ये.

रविराज परत आला. पहाटे दवाखान्यात शिरला तेव्हा निवृत्तीनाना बशीत ओतून चहा पीत होते. तो दारात उभा राहिला, शेखरकडे पाहिलं आणि विचारलं, "नानांची तब्येत आता कशी आहे?" बास. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही. पुढच्या श्रावणात तो गेला. नाना त्यानंतर आठ वर्षं जगले.

ही गोष्ट शेखरने कोणालाही सांगितली नव्हती. आता सांगितली. टीव्हीवर दिवे धावत होते आणि तो खाली बघून बोलत होता, फोनमधून हर्षाली "हॅलो? हॅलो?" करत होती.

"मला माहीत आहे, दादा," सविता दारातून म्हणाली. "घरी आल्यावर सांगितलं होतं त्यांनी मला."

शेखरने वर पाहिलं. तेरा वर्षं ही बाई आपल्याशी कशाबद्दल कमी बोलते, हे त्याला वाटत होतं त्याहून वेगळं निघालं.

संजना घाईघाईने म्हणाली की नानांच्या ओळखीचा असेल कोणी, गावात नानांना कोण ओळखत नव्हतं. कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. विमलाबाई दिवाणावरून उतरल्या. त्यांनी दोन्ही हातांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"हर्षे, त्याला विचार, जेवला का."

सायखेड्याच्या एका अनोळखी माणसाला आज्जी 'त्याला' म्हणाली. हर्षालीने कोणाला म्हणून विचारलं नाही. मधे थोडा वेळ गेला.

"हसतायत, आज्जी. इथे भूक लागत नाही म्हणतायत."

विमलाबाईंनी मान हलवली, जशी गावाहून आलेला निरोप ऐकताना हलवायच्या. त्यांनी फोन कानाला लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. इंजिनं येत होती, जात होती, मधे नुसता वारा वाजत होता. त्यांना मुलाचा आवाज ऐकायचा होता. तो येत नव्हता, पण आवाजाच्या जागी रिकामी फट पडत होती, आणि त्या फटीतून तो पलीकडे आहे हे त्यांना स्वच्छ कळत होतं. घाबरायला हवं होतं. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं होतं. तो कुठे असेल, कसा असेल, याचा विचार करून त्यांनी रात्री काढल्या होत्या. तो शर्यत बघत होता.

शेखर आईच्या पायाशी जमिनीवर बसला. त्याने हर्षालीला विचारायला सांगितलं की त्यांचा माझ्यावर राग आहे का. बोलताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"राग नाही म्हणतायत." हर्षालीचा आवाज आता हळू येत होता. "म्हणतायत, दोघांचं ठरलं होतं. त्याला म्हणावं, तूही ये."

शेखरचा चेहरा उजळला. "सांग त्याला, मी ये..."

संजनाचा हात त्याच्या तोंडावर बसला. ती इतकी वर्षं या घरात सासूच्या बाजूने बोलत आली होती. त्या घाटावरच्या शब्दाची बाजूही तिने घेतली होती, मेलेल्याचं मन मोडू नये म्हणून. तिने नवऱ्याचं तोंड दाबून धरलं, दुसऱ्या हाताने सासूच्या कानापासून फोन ओढून घेतला आणि सविताकडे दिला.

"तू बोल," ती म्हणाली. "तुझंच ऐकतील."

विमलाबाई म्हणाल्या की दे इकडं, माझं बोलणं व्हायचंय. संजना मधे उभी राहिली. सविताने स्पीकर बंद केला नाही. फोन हातात घेऊन ती पहिल्यांदा टीव्हीसमोर आली. पडद्यावर आकाशाची कड किंचित राखाडी दिसायला लागली होती.

"मम्मी, तू आहेस का?" हर्षाली म्हणाली. "काका म्हणतायत, उजेड व्हायच्या आत पुढच्या वळणावर जाऊ. झाडीतून पायवाट आहे. तिथून सूर्य उगवताना सगळ्या गाड्या समोरून येताना दिसतात. ते म्हणतायत, तेवढं बघितलं की झालं." मग थांबून, शाळेतल्या सहलीची चिठ्ठी पुढे करावी तशी ती म्हणाली, "मम्मी, मी जाऊ का?"

"तिथे आजूबाजूला माणसं आहेत?"

"होती मगाशी. आता कोणी दिसत नाही."

तेरा वर्षांत एक रात्र अशी नव्हती की तो स्वप्नात तरी यावा असं सविताला वाटलं नाही. तो आला नाही. ज्या बाईने त्याचा ताप उशाशी बसून मोजला तिच्याकडे आला नाही, आणि तिकडे सातासमुद्रापलीकडे एका कुंपणाला टेकून उभा राहिला. तिला राग आला. आणि रागाबरोबरच, तो कसा उभा असेल ते दिसलं. एका पायावर भार टाकून, मान जरा कलती. ती आत्ता बोलली तर तो ऐकणार होता. त्याला काय काय सांगता आलं असतं.

"हर्षू, फोन त्यांच्याकडे धर."

"त्यांच्याकडे?"

"धर. तू बोलू नकोस."

वाऱ्याचा आवाज बदलला. सविताने डोळे मिटले. हा शब्द तिने तेरा वर्षांत तोंडातून काढला नव्हता.

"अहो," ती म्हणाली. "मी बोलतेय."

पलीकडे काहीच वाजलं नाही. एकही गाडी नव्हती. शर्यतीत चाळीस-पन्नास गाड्या धावत असताना तेवढा वेळ एकही गाडी त्या वळणावर आली नाही.

"तुम्ही बघा शर्यत. शेवटपर्यंत बघा. आता तुम्हाला कोणी फोन करणार नाही." तिचा आवाज वर्गात असतो तसा, ना चढा ना मऊ. "पोरीला मात्र परत पाठवा. तिला अजून पुष्कळ बघायचंय."

संजनाचा हात अजून शेखरच्या तोंडावर होता. विमलाबाई तोंड उघडून काही म्हणणार होत्या, त्या थांबल्या. फोनमध्ये पानांवरून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. मग लांबून एक इंजिन येताना ऐकू आलं, मोठं होत गेलं, फोन थरथरला, आणि त्याच्या मागून दुसरं, तिसरं. ती लांब गेल्यावर ओल्या गवतातून कोणीतरी चालत गेल्यासारखं वाजलं.

"मम्मी." हर्षाली रडत होती. "ते गेले."

"कुठे गेले?"

"झाडीकडे. उजेड होतोय ना." तिला बोलायला जमत नव्हतं. "मला माहीत होतं, मम्मी. पहिल्या तासातच कळलं होतं. मी मुद्दाम तोंडाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर गेले असते. मी नुसती काका काका करत राहिले. तू कशाला बोललीस?"

सविता काही बोलायच्या आत फोन बंद पडला. चार्जिंग संपलं होतं.

तेव्हा शेखरने टीव्हीकडे बोट केलं. टीव्हीवरचं चित्र कालपासून हर्षालीच्या फोनच्या अर्धा-एक मिनिट मागे होतं. ती 'पाऊस आला' म्हणाली की इथे थोड्या वेळाने पाऊस दिसायचा. आता पडद्यावर एका गाडीच्या आतल्या कॅमेऱ्याचं दृश्य होतं. समोर ओला रस्ता, दोन्ही बाजूंना काळी झाडं. गाडी वळणावर आली, तिचे दिवे कुंपणावरून फिरले, आणि पापणी लवावी एवढा वेळ तिथे उभी असलेली माणसं उजळली. एक पिवळा रेनकोट होता, हात लांब करून कोणाकडे तरी फोन धरलेला. त्याच्या शेजारी नुसत्या शर्टातला एक उंच माणूस मान कलती करून ऐकत होता.

गाडी पुढे गेली. चित्र बदललं, कुठल्या तरी टायर बदलणाऱ्या माणसांवर गेलं.

"बघितलंत?" संजना म्हणाली. सगळ्यांनी बघितलं होतं.

फोनवर तो निघून गेल्यावर अर्ध्या मिनिटाने त्यांनी त्याला पाहिलं होतं. सविता टीव्हीच्या इतकी जवळ गेली की पडद्याचा निळा उजेड तिच्या हनुवटीवर पडला. तिने मनात मोजायला सुरुवात केली. साडेतीन मिनिटांनी तीच गाडी पुन्हा त्या वळणावर येईल. तेव्हा तोच कॅमेरा दाखवतील की नाही, हे सांगता येत नव्हतं. दाखवला. दिवे कुंपणावरून फिरले. पिवळा रेनकोट एकटा होता, कुंपणाच्या जाळीला कपाळ टेकून.

त्या दिवशी कोणी घरी गेलं नाही. संजनाने पोहे केले, ते तसेच राहिले. शेखर जमिनीवरच बसून राहिला. मधे एकदा त्याने सविताला विचारलं की रविराजने ते सांगितलं तेव्हा आणखी काय म्हणाला होता. सविताने आठवून सांगितलं की ते म्हणाले होते, दादाचं मन मला एकट्याला जाऊ देईना, त्यात त्याचं काय चुकलं. शेखर उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

विमलाबाई मात्र सविताशी बोलल्या नाहीत. सविताने दिलेला चहा त्यांनी प्याला नाही. दुपारी संजनाच्या हातचं पाणी घेतलं, औषधाची गोळी तिच्याकडूनच मागून घेतली. सविता खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसली होती. तिला कुठली गाडी कोणाची ते काही कळत नव्हतं. शेखर कधी कधी सांगायचा, ही चौथी आहे, हिचा एक दिवा गेलाय, ही मघाशी खोळंबली होती ती. दुपारी दोनच्या सुमाराला एक मागची गाडी बराच वेळ दिसली नाही. सविताने दोनदा विचारलं की ती कुठे गेली. ती हळूहळू, फरफटत परत आली तेव्हा तिने नकळत हात जोडले, आणि शेखरने ते पाहून मान दुसरीकडे वळवली.

साडेसातला शर्यत संपली. माणसांचा लोंढा रस्त्यावर उतरला. पावणेआठला हर्षालीचा फोन आला, कोणाकडून तरी चार्जर घेतला होता. आवाज बसलेला होता, पण शांत होता. ती उजाडल्यावर त्या पायवाटेने थोडी आत जाऊन आली होती. पुढे वळण नव्हतंच, नुसतं तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे शेत. मग ती परत येऊन कुंपणाशी उभी राहिली, शेवटच्या गाडीपर्यंत. 'मी तुझ्यावर चिडले होते,' असं ती आईला म्हणाली. सविताने तिला आधी काहीतरी गरम खायला सांगितलं आणि तंबूत एकटी झोपू नकोस, शेजारच्यांना सांगून झोप, असं बजावलं.

फोन ठेवल्यावर संजनाने टीव्ही बंद केला. चोवीस तासांनी खोली गप्प झाली, आणि त्या शांततेत बाहेरच्या रस्त्यावरून जाणारी एक मोटारसायकल सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

विमलाबाई उठल्या. पिशवीत आपलं लुगडं घडी करून ठेवता ठेवता त्या सकाळपासून पहिल्यांदा सविताशी बोलल्या. वर बघितलं नाही.

"पोरीला माघारी धाड म्हनली तू. बरोबर केलं. आईच म्हनंल तसं." त्यांनी पिशवीचे बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले. "त्याला 'ये' नाय म्हनली. माझा बी तो पोरगाच हाय."

सविता खुर्चीतच बसून होती, काळ्या पडद्याकडे तोंड करून.

"म्हटलं असतं तर आले असते, आई," ती म्हणाली. "म्हणून नाही म्हटलं."